नलिनीबाईंचे डबे

तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा कापला की त्याची कड वस्तऱ्यासारखी होते. ती आधी आत दुमडायची, लाकडी हातोडीनं ठोकून बसवायची, मग परत एकदा दुमडायची, आणि तरीही विश्वास न ठेवता तिच्यावर उभा चिरलेला रबरी पाइप चढवायचा. एवढं झालं की मी त्या कडेवरून स्वतःचा गाल फिरवून बघायचे. हात नाही, गाल. हाताला घट्टे पडलेले असतात, त्याला काही कळत नाही.

लोकांनी टाकून दिलेले डबे, पिंपं, बादल्या, धान्याच्या कोठ्या गोळा करून मुलांसाठी खेळायच्या जागा बांधणं हा माझा उद्योग. पिंपांचे बोगदे, डब्यांचे जिने, वाजवायच्या भिंती. हे शिक्षण कुठे मिळतं असं लोक विचारतात. कुठेच मिळत नाही. मी मूळची ट्रेसर. एका मोठ्या कारखान्यात इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेली ड्रॉइंगं पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायची, असं खोलीभर बायकांचं काम होतं. मग कॉम्प्युटर आले. आम्ही कित्येक वर्षं त्या खोलीत आणखी एक पंखा मागत होतो, तो मिळाला नाही. कॉम्प्युटर यायच्या आधी मात्र तिथे एसी बसला. आम्ही समजायचं ते समजलो आणि स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या केल्या.

त्याच सुमाराला पुण्यात कोथरूडच्या घराघरांतून डबे बाहेर पडायला लागले होते. मुलं सॉफ्टवेअरमध्ये लागली, स्वयंपाकघरात ट्रॉल्या आल्या, आणि ट्रॉलीत एकसारखे, एका मापाचे, पारदर्शक डबेच शोभतात म्हणून आईनं आयुष्यभर जमवलेले पत्र्याचे आणि ॲल्युमिनियमचे डबे भंगारात निघाले. मला ते बघवेना. खडकी स्टेशनजवळ एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. यासीनभाई नावाचे एक वेल्डर जोडीला मिळाले. बोलायचे कमी, पण जोड असा द्यायचे की त्यावर हत्ती नाचवावा.

बाहेरच्यांना वाटतं, डबे रंगवले आणि टांगले की झालं. तसं नसतं. प्रत्येक डब्याच्या तळाला भोकं हवीत, नाहीतर पाणी साचून डास होतात. पत्रा उन्हात तापतो, म्हणून झाडाची सावली बघूनच जागा ठरवायची. कारखान्यातली पिंपं कितीही स्वस्त मिळोत, घ्यायची नाहीत. ज्यात माणसांचं खाणंपिणं ठेवलं होतं तेवढंच घ्यायचं, तेही सोड्यानं धुऊन. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भोक. एकतर मुलाचं अंगच शिरणार नाही इतकं लहान हवं, नाहीतर डोकं आणि खांदे सहज पार होतील इतकं मोठं. अंग जातं आणि डोकं अडकतं, ते भोक वाईट.

मोठ्यांचं मात्र मी माप घेतलं नव्हतं. कोथरूडच्या एका नव्या सोसायटीनं मला बोलावलं होतं. आयटीतले तरुण मेंबर म्हणाले, "रिसायकल्ड हवंय, पण तसं दिसायला नको." तसं केलं. ताब्यात घ्यायच्या दिवशी चेअरमन स्वतः तपासणीसाठी बोगद्यात शिरले आणि वळणावर अडकले. आतून आवाज येईना. यासीनभाई पाना आणायला धावले. चेअरमनांच्या पत्नी शांतपणे बोगद्याच्या तोंडाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, मेंटेनन्स वाढवणार नाही असं म्हणा, मग हे लोक काढतील बाहेर." आतून हसू फुटलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पिंपाचे बोल्ट सोडून त्यांना सोडवलं.

पण मला कुणी विचारलं, की या कामात तुम्ही सगळ्यात जास्त कधी हादरलात, तर मी लोणी काळभोरच्या बालवाडीचं सांगते.

तिथल्या बालवाडीच्या बाई हिराबाई. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात चिंच. मुलांना खेळायला काही नव्हतं. मी काम पत्करलं, पण डबे कमी पडले. म्हणून कोथरूडमधल्या वाण्याच्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या, की जुने डबे द्या, मुलांसाठी हवेत. चार दिवसांत एका गृहस्थांचा फोन आला. देवस्थळी. सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले.

त्यांच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं आणि मी बघतच राहिले. माळा, पलंगाखालची जागा, बाल्कनी, सगळीकडे डबे. वनस्पती तुपाचे, दूध पावडरीचे, बिस्किटांचे, एकात एक घातलेले, घासून लख्ख केलेले. एकावरही गंजाचा ठिपका नाही. कोपऱ्यात माझ्या छातीइतकी उंच गव्हाची कोठी. हे एखाद्या बाईनं अख्खं आयुष्य लावून जपलेलं होतं, ते मला न सांगता कळलं.

"हे सगळं देताय?" मी विचारलं. "वहिनींना चालेल?"

देवस्थळी खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "ती गेली."

मी हातातली पिशवी खाली ठेवून हात जोडले. "माफ करा, मला माहीत नव्हतं." त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मला चहा विचारला.

त्या डब्यांनी बालवाडीचं अंगण भरून गेलं. कोठीला दार आणि खिडकी कापून मी तिचं घर केलं. दूध पावडरीचे डबे उलटे टांगून वाजवायची भिंत केली. तुपाच्या डब्यांत वाळू-सिमेंट भरून जिना केला. एवढं दान कुणी दिलं म्हणून गावातल्या मंडळींनी चौकशी केली. मी सांगितलं; नलिनी हे नाव कोठीवर कोरलेलंच होतं. त्यांनी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: "कै. सौ. नलिनी देवस्थळी यांच्या स्मरणार्थ." उद्घाटनाला देवस्थळींना बोलावलं. पाटीवरचा पडदा दूर झाला तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सरपंचांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. ते मान खाली घालून उभे राहिले, आणि मधेच रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. हा माणूस किती सोसतोय, असं मला वाटलं. घरी येऊन मी माझ्या नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की बायकोवर असं प्रेम असावं.

वर्ष होत आलं असेल. सकाळी शेडमध्ये मी एका डब्याची कड कानशीनं घासत होते. यासीनभाई मागे वेल्डिंग करत होते. दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, शाळेतल्या बाईंचा ताठ कणा.

"मंगल काळे आपणच का?"

"हो. या ना, बसा."

"बसते." त्या बसल्या. "माझ्या स्मरणार्थ आपण काहीतरी बांधलंय म्हणे. ते मला बघायचंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आपल्या आईंच्या स्मरणार्थ का?"

"नाही, माझ्याच. मी नलिनी देवस्थळी."

खोटं कशाला सांगू, मी त्यांच्या पायांकडे बघितलं. चपला सरळ होत्या, पाय सरळ होते.

"बघून झालं?" त्या म्हणाल्या.

मागचं वेल्डिंग थांबलं होतं. यासीनभाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ताई, ह्या त्याच का? पाटीवरच्या?" मी मान डोलावली. ते बाहेर गेले आणि तिघांसाठी चहा सांगून आले. डोळ्यांपुढे सगळं नाचायला लागलं. तो पडदा, ती पाटी, ती शांतता. जिवंत बाईसाठी सगळं गाव मान खाली घालून उभं होतं, आणि तिचा नवरा पहिल्या रांगेत होता!

"पण देवस्थळी म्हणाले..." मी कसंबसं सुरू केलं.

"काय म्हणाले? नेमके शब्द सांगा."

"ती गेली, म्हणाले."

"मग खोटं नाही बोलले. गेलेच मी. शाळेतून निवृत्त झाल्यावर घर सोडलं. मैत्रिणीचा फ्लॅट रिकामा होता डेक्कनला, तिथे राहते. माझी एक जुनी विद्यार्थिनी लोणीच्या कॉलेजात शिकवते. तिनं पाटी वाचली आणि रडत रडत माझ्या बहिणीकडे सांत्वनाला फोन केला. मी तिथे जेवायला गेले होते. फोन मीच उचलला."

आम्ही दोघी त्याच दिवशी बसनं लोणीला निघालो. जाताना मी न राहवून विचारलं, की असं काय झालं होतं. मला वाटलं होतं, मारहाण, दारू, निदान सासूचा छळ तरी. बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "काही झालं नाही. तेच झालं. दोन खुर्च्या, दोन वर्तमानपत्रं. मुलगा अमेरिकेत. दिवसभरात मी एक शब्द बोलले नाही तरी त्यांच्या लक्षात येत नसे. मी मुद्दाम करून बघितलं होतं. मग वाटलं, इथे असले काय आणि नसले काय."

मी हातातल्या तिकिटाची कड आत दुमडली, परत एकदा दुमडली.

बालवाडीत मुलं अंगणातच होती. वाजवायच्या भिंतीवर दोघंतिघं लाकडानं बडवत होती. नलिनीबाई फाटकातच थांबल्या. एका पोराचं डोकं कोठीच्या खिडकीतून बाहेर आलं होतं.

"माझी गव्हाची कोठी," त्या हळूच म्हणाल्या. "दंडाला केवढी रग लागायची ती पुसताना."

हिराबाई पदराला हात पुसत आल्या. "या या, मंगलताई! ह्या कोन म्हनायच्या?"

मी उत्तर द्यायच्या आत बाईच म्हणाल्या, "मी नलिनीच्या ओळखीची."

"आगंबाई! लई मोठं काळीज बगा त्या माउलीचं."

"काळजाचं माहीत नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "डबे मात्र मोठे होते."

हिराबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या कौतुकानं सांगायला लागल्या, "त्येंचं मालक येत्यात की हितं. म्हयना-दोन म्हयन्यानं, बसनं. संगं पिशवीत हत्यारं आनत्यात. ढिलं झाल्यालं स्क्रू आवळत्यात. मग तितं पायरीवर बसत्यात आन् पोरास्नी आजीच्या गोष्टी सांगत्यात."

मी नलिनीबाईंकडे बघितलं. शेडमध्ये स्वतःच्या मरणाबद्दल बोलताना ज्यांचा चेहरा हलला नव्हता, त्यांनी चिंचेच्या खोडाला हात टेकला होता.

"कोण येतं?"

"देवस्थळीकाका! ये सोनी, दाव गं पाव्हनीला, काका काय सांगत्यात ते."

सोनी नावाची एक झिपरी, धीट मुलगी पुढे आली. शाळेत कविता म्हणतात तशी ती एकेका डब्यावर हात मारत म्हणायला लागली, "ह्यात आजी लाडू ठिवायची. ह्यात आजी रवा ठिवायची. ह्यात आजी चकल्या ठिवायची..."

"चकल्या?" नलिनीबाई ताडकन म्हणाल्या. "त्यात? त्याचं झाकण कधी नीट बसलं नाही. चकल्या मऊ पडल्या असत्या दोन दिवसांत. त्यात मी साबुदाणा ठेवत असे!"

डबे बडवणारी पोरं थांबली. हिराबाई आ वासून बघत राहिल्या.

"साबुदाना... कोन ठिवायचं?"

बाईंच्या लक्षात आलं, पण आता शब्द मागे घेता येत नव्हता. हिराबाईंनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा बाईंकडे, मग माझ्याकडे, आणि डब्यांच्या जिन्यावर मट्कन बसल्या. "आगं बया बया!"

सोनी मात्र घाबरली नाही. जवळ येऊन तिनं बाईंच्या साडीला हात लावून बघितला. "मंजी तुमी मेल्या न्हाई?"

"नाही गं," नलिनीबाई म्हणाल्या. "मी कोथरूडहून डेक्कनला गेले."

हिराबाईंना आधी रडू आलं, मग राग. माझ्यावरही आणि देवस्थळींवर जास्त. "जित्या बाईला मारलं! येऊ दे त्येला आता, बगते. ती पाटी आदी काडा."

"पाटी राहू द्या," बाई म्हणाल्या. "रंगवायला पैसे पडलेत. तेवढं 'कै.' पुसा. आणि त्यांना काही बोलू नका. येत असतील तर येऊ देत."

मग त्यांनी पदर खोचला आणि मुलांना घेऊन एकेका डब्यापाशी गेल्या. कशात काय असायचं, का असायचं, कुठल्या झाकणाला कागद लावावा लागे, सगळं सांगितलं. मुलं त्यांच्यामागून ओरडून म्हणत होती. देवस्थळींनी सांगितलेलं जवळजवळ सगळंच चुकलं होतं. आम्ही परतीची बस धरली. हडपसर आल्यावर नलिनीबाई एकदम म्हणाल्या, "त्यांच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे, हेच मला माहीत नव्हतं हो." आणि पिशवीतून रुमाल शोधायला लागल्या.

आज तिथे यातलं काही नाही. कुणा देणगीदारानं फायबरची रंगीत घसरगुंडी दिली, ती ठेवायला अंगणात फरशा घातल्या, आणि डबे भंगारात गेले. मला कुणी विचारलंही नाही. मी गेले तेव्हा भिंतीवर नुसते खिळे होते. माझी बरीचशी कामं अशीच गेली. पत्र्याचं आयुष्य किती असायचं ते मला माहीत होतं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. ती दोघं पुन्हा एकत्र आली का, असं मला सगळे विचारतात. नाही आली. बाई डेक्कनलाच राहिल्या. त्यांच्यामध्ये पुढे काय बोलणं झालं, झालं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. एका गोष्टीची मात्र मी साक्षीदार आहे.

लोणीहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी जेवण उरकून देवस्थळींकडे गेले होते. कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, आणि दुसरं कोण सांगणार! डोक्यात राग होता. काय काय सुनवायचं ते मी बसमध्ये जुळवलं होतं. त्यांनी दार उघडलं. रिकाम्या माळ्याखाली एक खुर्ची, एक वर्तमानपत्र.

"वहिनी भेटल्या," मी म्हटलं. "लोणीला. पाटीखाली."

ते खुर्चीत बसले. वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "तुम्ही हात जोडलेत. मी सांगणारच होतो. पण 'ती मला सोडून गेली' हे वाक्य मी तोपर्यंत कुणाला म्हटलं नव्हतं. मुलालासुद्धा. तुम्ही समजलात ते मला जास्त सोपं वाटलं. मग पाटी झाली. मग सरपंच शांतता पाळा म्हणाले." त्यांनी ती घडी पुन्हा उलगडली. "त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं, मी काय केलंय ते. नंतर जात राहिलो. दुसरं काय करणार?"

मी जुळवलेलं सगळं विसरून गेले.

"ती काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"म्हणाल्या, झाकण न बसणाऱ्या त्या डब्यात चकल्या नसायच्या. साबुदाणा असायचा."

देवस्थळी विचारात पडले. वर रिकाम्या माळ्याकडे बघत राहिले. मग अगदी काळजीनं म्हणाले, "मग चकल्या कशात असायच्या?"

"ते मला कसं माहीत असणार? त्यांनाच विचारा ना." मी बाईंनी दिलेला डेक्कनचा नंबर कागदावर लिहून फोनपाशी ठेवला.

ते उठले. फोनपर्यंत गेले. रिसीव्हरवर हात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हात काढून घेतला.

"आत्ता नको," ते म्हणाले. "दुपारची ती जरा पडते या वेळेला. झोपमोड होईल तिची."